चारमिनारचं तिकीट कोणत्या देशाचं?

प्रश्न : आमची मुलगी आठवीत आहे. जगातल्या प्रत्येक देशाचं एक तरी पोस्टाचं तिकीट जमवायचं, असं तिनं डोक्यात घेतलंय. आम्ही राहतो तेलगावात. इथं साखर कारखाना आहे, गजबजलेला चौक आहे, पण परदेशी तिकिटं विकणारं दुकान काही नाही. हे काम इथं बसून होण्यासारखं आहे का? दुसरं असं की, पणजोबांच्या ट्रंकेत जुनी कागदपत्रं शोधताना एक पाकीट सापडलं. त्यावर तपकिरी रंगाचं, चारमिनारचं चित्र असलेलं तिकीट आहे आणि उर्दू अक्षरं आहेत. घरातले काही जण म्हणतात, पाकिस्तानचं असेल. तसं असेल तर मुलीचा पहिला परदेश झाला! त्याला किंमत किती येईल, तेही कळवा.
— एक वाचक, तेलगाव (ता. धारूर, जि. बीड)

उत्तर : आधी पाकिटाचं बघू. तिकीट पाकिस्तानचं नाही. पाकिस्तानच्या तिकिटावर चारमिनार कशाला येईल? शिवाय पाकिस्तानची तिकिटं अगदी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत आपलं नाव सांगतात. ती पहिली तिकिटं म्हणजे सहाव्या जॉर्जचं डोकं असलेली हिंदुस्थानचीच तिकिटं. त्यांच्यावर ‘पाकिस्तान’ असं ठसवून ती १ ऑक्टोबर १९४७ ला विक्रीला आली, आणि हा ठसा मारण्याचं काम झालं आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात. 

तुमच्याकडचं तिकीट निजामाचं आहे. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्हाला सांगायला नको. मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा तुमच्या शाळेतही होतो. संस्थानाचं नाणं वेगळं होतं, तसं टपालही वेगळं होतं. हैदराबादनं स्वतःचं पहिलं तिकीट काढलं १८६९ साली. सुरुवातीच्या तिकिटांवर चित्र नव्हतं, नुसती अक्षरांची नक्षी होती. चित्रांची खरी मालिका आली १९३१ साली, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात. एक आण्याला चारमिनार, दोन आण्यांना हायकोर्ट, चार आण्यांना उस्मानसागर तलाव, आठ आण्यांना अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांना बिदरचा मदरसा आणि एक रुपयाला दौलताबादचा चांदमिनार. सहा चित्रांत दोन आपल्या मराठवाड्यातली. हैदराबादच्या दरबाराला मराठवाड्याची आठवण फक्त शेतसारा गोळा करतानाच होत असे, असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक नोंद तरी दुसऱ्या बाजूला मांडावी.

तुमच्या तिकिटावरचा आणा ‘हाली’ आहे, ब्रिटिशांचा ‘कलदार’ नव्हे. साधारण सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये पडत. गावात नव्वदी ओलांडलेलं कोणी असेल तर हे दोन शब्द त्यांच्यापुढे उच्चारून बघा. बाकीची माहिती तेच देतील, आणि ती माझ्यापेक्षा रसाळ असेल.

आता तुमच्या मुलीच्या हिशेबाकडे येऊ. तिकीट गोळा करणाऱ्यांच्या जगात ‘देश’ म्हणजे नकाशावरचा देश नव्हे. ज्यानं स्वतःची तिकिटं काढली आणि त्यांवर पत्रं पोचवली, तो देश. त्या अर्थानं हैदराबाद हा कॅटलॉगमध्ये स्वतंत्र मथळा असलेला देश आहे. निजामाची तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालत. बीडहून परभणीला पत्र धाडायचं तर चारमिनार चाले; अहमदनगरला धाडायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे, आणि त्यासाठी संस्थानात ब्रिटिश टपालाची वेगळी कार्यालयं होती. नगरची हद्द बीडला लागूनच आहे. सीमेवरच्या गावातल्या माणसाला शेजारच्या गावी दिलेल्या पोरीला खुशाली कळवायची, तर दुसऱ्या सरकारचं तिकीट शोधावं लागत असेल. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरही निजामाची तिकिटं लगेच बंद झाली नाहीत. १९५० साली संस्थानाचं टपाल भारतीय टपालात मिसळलं, तेव्हा ती थांबली.

म्हणजे मुलीचा पहिला परदेश झाला खरा, पण तो तेलगावच. संग्राहक अशा देशांना ‘मृत देश’ म्हणतात : ज्यांची तिकिटं आहेत, पण आता नवी निघत नाहीत. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, झांझिबार ही सगळी त्याच रांगेतली, आणि त्यांच्यातच हैदराबाद.

माझा सल्ला असा की, जगाची वही उघडण्यापूर्वी तिनं याच रांगेतले घरच्या वाटेवरचे देश जमवावेत. गोव्याची तिकिटं ‘पोर्तुगीज इंडिया’ म्हणून १८७१ पासून निघत होती, थेट १९६१ पर्यंत. होळकरांच्या इंदूरनं १८८६ साली तुकोजीराव होळकरांचं चित्र असलेलं तिकीट काढलं. शिंद्यांच्या ग्वाल्हेरनं दुसरी वाट धरली : ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर इंग्रजी आणि देवनागरीत संस्थानाचं नाव ठसवलं. मराठी घराण्यांची ही दोन संस्थानं आणि मराठी बोलणाऱ्यांचा गोवा, असे तीन ‘परदेश’ फारसा खर्च न करता हाती लागतात. आणि अजिंठ्याची एक गंमतही जुळवता येईल. निजामाच्या आठ आण्यांच्या तिकिटावर लेण्यांचं प्रवेशद्वार आहे. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारतानं पुरातत्त्वाची मालिका काढली, तिच्यातल्या सगळ्यात स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचाच हत्ती आहे. एकच डोंगर आणि दोन ‘देश’, तेही एका पानावर. शाळेतल्या प्रदर्शनात हे पान ठेवलं तर गुरुजी त्यावरच तासभर बोलतील.

किमतीबद्दल तुम्ही अपेक्षेनं विचारलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. एक आण्याचा चारमिनार वर्षानुवर्षं चालला आणि अमाप छापला गेला. सुटं तिकीट किरकोळीतच जातं. लाखाची बातमी होते ती वेगळ्याच तिकिटांची. गांधीजींचं १९४८ सालचं दहा रुपयांचं तिकीट सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ असं ठसवून फक्त शंभर छापलं होतं. त्यातल्या चार जोडलेल्या तिकिटांना २०१७ साली ५ लाख पौंड आले. असल्या बातम्या वाचून लोक ट्रंका पालथ्या घालतात आणि मग हिरमुसतात. तुमच्या पाकिटाची खरी किंमत तिकिटात नाही, ते *पाकीट* असण्यात आहे. त्यावर बीड, माजलगाव, धारूर असल्या एखाद्या टपाल कचेरीचा शिक्का स्वच्छ उमटलेला असेल, पत्ता शाबूत असेल, तर टपालाच्या इतिहासाची आवड असलेला माणूस त्याला सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त मान देईल. शिक्का उर्दूत असेल तर गावातल्या जाणत्याकडून वाचून घ्या. चित्रावर काळ्या शाईत एखादा उर्दू शब्द आडवा छापलेला दिसला तर तो बहुधा ‘सरकारी’ असेल. म्हणजे ते पत्र कचेरीतून कचेरीत गेलेलं.

म्हणून एक विनंती : तिकीट काढू नका. पाण्यात बुडवू नका, वाफ देऊ नका, कात्री लावू नका. पाकीट आहे तसं सपाट ठेवा. हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की, गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्यातल्या घरोघरच्या ट्रंका आणि गाठोडी उघडली गेली. मोडीतले, उर्दूतले कागद पहिल्यांदाच उजेडात आले. त्यांतल्या अनेक कागदांवर रंगीत तिकिटं असतात आणि पोरांना ती सोडवून घ्यायचा मोह होतो. ती बहुतेक टपालाची नसतातच; कोर्ट फी किंवा रेव्हेन्यूची असतात. ती उचकटली तर संग्रहात काही विशेष भर पडत नाही, आणि उद्या तोच कागद तहसीलमध्ये दाखवायची वेळ आली तर पंचाईत होते.

आता ‘प्रत्येक देश’. होईल का? होईल. जगातलं प्रत्येक *तिकीट* कोणालाच जमणार नाही, पण प्रत्येक देशाचं *एक* तिकीट हा चांगला, आवाक्यातला बेत आहे. आंतरराष्ट्रीय टपाल संघाची स्थापना स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात ९ ऑक्टोबर १८७४ ला झाली. त्याचे आज १९२ सदस्य देश आहेत. यांतल्या बहुतेकांची साधी, वापरलेली तिकिटं स्वस्तात मिळतात. ‘शंभर देश, शंभर तिकिटं’ असं पुडकं मुंबई-पुण्याच्या तिकीटविक्रेत्यांकडून किंवा ऑनलाइन मागवलं तर अर्धी लढाई घरबसल्या संपते. मात्र अशा पुडक्यातून शंभर देश एका दुपारी मिळाले की मुलीचा रस त्याच संध्याकाळी संपण्याची भीती असते. माझ्या मते आधी वीस-पंचवीस देश ओळखीपाळखीतून मिळवावेत, मग पुडकं.

पुडक्यांबद्दल सावध करून ठेवतो. त्यांत अजमान, मनामा, फुजैरा, उम्म अल कैवैन अशा नावांची मोठमोठी, झगझगीत तिकिटं हटकून निघतात : घोडे, रॉकेटं, युरोपातली तैलचित्रं, ऑलिंपिकचे धावपटू. हे देश कुठले म्हणून नकाशा पाहाल तर या आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या छोट्या अमिराती, आणि मनामा तर अजमानचाच एक तुकडा. साठच्या दशकात बाहेरच्या एजंटांशी करार करून यांच्या नावानं तिकिटांचा पूर काढला गेला. पत्राला लावण्यासाठी नव्हे, जगभरच्या पोरांना विकण्यासाठी. शिक्काही छापखान्यातच उमटवलेला. तिकीट उलटं करून पाहिलं की कळतं : पुढे शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा. १९७१ साली अमिरातींचा संघ झाल्यावर हा उद्योग आवरला. कॅटलॉगवाल्यांनी यातला बराच माल मुख्य यादीत न घेता परिशिष्टात ढकलला. मुलीला चित्रं आवडली तर ठेवू द्या. फक्त यांना दुर्मीळ समजू नका.

त्याच आखाताची जुनी तिकिटं मात्र आपल्या फार जवळची आहेत. दुबईत पहिलं पोस्ट ऑफिस १९०९ साली उघडलं ते हिंदुस्थानच्या टपाल खात्यानं, आणि तिथं तिकिटं चालत ती हिंदुस्थानची. १९२३ पासून कुवेतमध्ये आणि १९३३ पासून बहारीनमध्ये हिंदुस्थानच्या तिकिटांवर त्या त्या ठिकाणाचं नाव ठसवून ती वापरली जात. हिंदुस्थानची तिकिटं लंडनऐवजी नाशिकरोडला छापली जाऊ लागली १९२६ च्या सुमारास, म्हणजे तिसाच्या दशकात कुवेतहून निघणाऱ्या पत्रावरचं तिकीट गोदावरीकाठाहून गेलेलं असे. दुबईनं स्वतःची तिकिटं काढली १९६३ साली. आज तेलगावातून आखातात कामाला गेलेल्या पोरांना हे सांगा; पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर ‘कुवेत’ पाहून त्यांना मजा वाटेल.

वहीत तिकिटं लावताना मुलगी अडेल ती नावांपाशी. कित्येक देश इंग्रजी नाव छापत नाहीत. ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘हेलास’ म्हणजे ग्रीस. ‘श्किपेरिया’ असं काहीतरी अवघड दिसलं तर तो अल्बानिया. इंग्रजी सी-सी-सी-पी असं वाटणारी अक्षरं रशियन लिपीतली आहेत. तो सोव्हिएत संघ. आणि ज्यावर नुसतं राणीचं किंवा राजाचं डोकं आहे, देशाचं नावच नाही, ते ब्रिटनचं. जगातलं पहिलं डिंक लावलेलं टपाल तिकीट तिथं मे १८४० मध्ये निघालं. तेव्हा दुसरा कोणी नव्हताच, त्यामुळे नाव लिहायची गरज पडली नाही. तो मान ब्रिटननं आजतागायत सोडलेला नाही.

काही तिकिटं देशांची नसूनही तिच्या वहीत बसतील. संयुक्त राष्ट्रसंघ १९५१ पासून स्वतःची तिकिटं काढतो. न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि व्हिएन्ना इथल्या त्याच्या कार्यालयांतून टाकलेल्या पत्रांवरच ती चालतात. प्रशांत महासागरात पिटकेर्न नावाचं बेट आहे. तिथली वस्ती पन्नासाच्या आसपास, म्हणजे तेलगावच्या एखाद्या गल्लीहूनही कमी, पण १९४० पासून त्यांची स्वतंत्र तिकिटं निघतात. बेटाला त्याचं उत्पन्नही मिळत आलंय. असली तिकिटं पत्रावरून मिळणं दुरापास्तच. ती विकत घ्यावी लागतील.

साध्या तिकिटांची हाताळणी सांगतो. (चारमिनारला यातलं काहीही लागू नाही.) नव्यानं आलेल्या पाकिटावरचं तिकीट कधीही ओढून काढायचं नाही. भोवती बोटभर कागद ठेवून कापावं. पसरट ताटलीत कोमट पाणी घ्यावं आणि तुकडे चित्र वर करून तरंगत सोडावेत. दहा-पंधरा मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपसूक सरकू लागतं. सरकलं नाही तर आणखी थांबावं. लाल किंवा रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या ताटलीत, कारण त्याचा रंग उतरून सगळ्यांना डाग पडतात. सुटलेलं तिकीट मागून बोटानं हलकेच चोळून उरलासुरला डिंक काढावा, चित्र खाली करून कोऱ्या कागदावर वाळत ठेवावं. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. अर्धवट सुकल्यावर टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवावं, म्हणजे गुंडाळी होत नाही. हल्ली बऱ्याच देशांची तिकिटं स्टिकरसारखी चिकटणारी असतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. ती कागदासकट, चारी बाजूंनी थोडा काठ ठेवून कापावीत आणि तशीच ठेवावीत.

वही म्हणाल तर स्टॉक बुक घ्या. पट्ट्यांमध्ये तिकीट खोचायचं असतं, चिकटवायचं नसतं. फेव्हिकॉल, सेलोटेप आणि चिकट पानांचे फोटो अल्बम या तिघांनी महाराष्ट्रात जेवढे संग्रह बुडवले तेवढे वाळवीनं बुडवले नसतील. तिकीट बोटांऐवजी चिमट्यानं उचलायची सवय पहिल्यापासून लावा. तुमच्याकडच्या उन्हाळ्याचा त्रास नाही, कोरडी हवा कागदाला मानवते. भीती आहे ती पावसाळ्याची. कोरं, डिंकासकट असलेलं तिकीट दमट हवेत शेजारच्याला चिकटतं ते कायमचं. वही आडवी न ठेवता कपाटात उभी ठेवा आणि महिन्यातून एकदा पानं उलटून हवा द्या. कसर लागली आहे का तेही त्यात दिसतं.

मुलगी आठवीत आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ नावाची शिष्यवृत्ती २०१७ पासून आहे, सहावी ते नववीच्या, तिकिटांचा छंद असलेल्या मुलांसाठी. वर्षाला ६,००० रुपये. आधी प्रश्नमंजूषा, मग तिकिटांवरचा एक प्रकल्प. शिवाय वार्षिक परीक्षेत साधारण ६० टक्के गुण हवेत. शाळेत फिलॅटेली क्लब असेल तर त्याचं सदस्यत्व चालतं. क्लब नसेल तर मुलीच्या नावानं फिलॅटेली डिपॉझिट खातं असलं तरी पुरतं. ते २०० रुपयांत उघडतं, आणि त्यातून भारताची नवी तिकिटं घरपोच येत राहतात. बीडच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करा. काउंटरवरच्या माणसाला पहिल्या खेपेला उमगलं नाही तर पोस्टमास्तरांना भेटा. प्रकल्पाला विषय हवाच असेल, तर ‘माझा जिल्हा दुसऱ्या टपालात होता तेव्हा’ हा तुमच्या ट्रंकेतच पडलेला आहे.

राहिली ओळखीपाळखीतली वीस-पंचवीस. गावातलं, भावकीतलं कोण कोण बाहेर आहे याची यादी करा : आखातात, पुण्याच्या कंपनीतून जर्मनीला, शिकायला ऑस्ट्रेलियाला. प्रत्येकाला मुलीनं स्वतःच्या अक्षरात पत्र लिहावं आणि सोबत चार-सहा भारतीय तिकिटं घालावीत; घेणाऱ्यानं काही द्यावंही, हा या छंदाचा रिवाज आहे. आणि एक वाक्य ठळक लिहायला सांगा, नाहीतर सगळी खटपट वाया जाते : उत्तराचं पाकीट पोस्टाच्या खिडकीवर नुसतं सरकवू नका, तिथं मशीनचं लेबल चिकटवतात; तिकीट मागून घ्या, तेही चित्राचं, आणि शिक्का हळू मारायला सांगा.